दर लाख लोकांमागे किती शाखा? हा आकडा कुठवर वापरावा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. प्रबंधासाठी तुम्ही काही देशांची, आणि तपशील मिळेल तिथे त्यांच्या आतल्या प्रदेशांची तुलना करताय. 'आर्थिक सेवांची पोहोच' या रकान्यात तुम्ही दर एक लाख प्रौढांमागे बँकांच्या शाखा किती, हा आकडा भरलाय, कारण तो जवळजवळ सगळीकडचा आयता मिळतो. त्यावर मार्गदर्शकांनी शेरा मारला की आता सगळे व्यवहार मोबाइलवर होतात, शाखा कसल्या मोजताय? आणि तुम्हाला कळत नाहीये की हा आकडा ठेवावा की काढून टाकावा.

ठेवा, पण रकान्याचं नाव बदला. बँकांनी दुकान कुठे थाटलं, एवढंच हा आकडा सांगतो. बँका ते स्वतःच्या हिशोबाने थाटतात, किंवा कुणीतरी नियम करून त्यांना थाटायला लावतं. पोहोच मोजायची तर सुरुवात माणसाच्या दारातून करावी लागते, आणि या आकड्यात ते दार कुठेच नाही. मार्गदर्शकांचा आक्षेप मला अर्धाच पटतो, आणि तोही त्यांनी दिलेल्या कारणासाठी नाही. त्याकडे नंतर येतो.

माझी निम्मी नोकरी एका बँकेत शाखा कुठे उघडायची याचे प्रस्ताव लिहिण्यात गेली. नंतरची वर्षं लोक बँकेपर्यंत का पोहोचत नाहीत याची सर्वेक्षणं करण्यात गेली. त्यामुळे हा आकडा मी तयारही केलाय आणि त्याच्यामुळे फसलोही आहे. दोन्ही सांगतो.

आधी तो येतो कुठून ते बघू. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने २००९ मध्ये 'फायनान्शियल अॅक्सेस सर्व्हे' सुरू केला. त्यात २००४ पासूनची मालिका मिळते. नावात 'सर्व्हे' असलं तरी कुणी घरोघर फिरत नाही. देशोदेशीच्या मध्यवर्ती बँका आणि नियामक आपापल्या दप्तरातून तक्ते भरून पाठवतात. हाच आकडा, सोबत एटीएमचा, संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत निर्देशक ८.१०.१ म्हणून बसलाय. त्याच्या लगेच खाली ८.१०.२ आहे: १५ वर्षं आणि त्यावरच्या किती टक्के लोकांचं बँकेत, दुसऱ्या वित्तीय संस्थेत किंवा मोबाइल-मनी कंपनीकडे खातं आहे. हा दुसरा आकडा लोकांना विचारून काढतात, मुख्यतः जागतिक बँकेच्या ग्लोबल फिंडेक्स सर्वेक्षणातून. म्हणजे पहिला दुकानं मोजतो, दुसरा गिऱ्हाइकं. उद्दिष्टं लिहिणाऱ्यांनीसुद्धा पहिल्यावर एकट्यावर भरवसा ठेवला नाही, हे तुमच्या मार्गदर्शकांना सांगण्यासारखं आहे.

आता अंश आणि छेद सुटे करू. अंशात 'व्यापारी बँकांच्या शाखा' असतात. पतसंस्था, पोस्टाची बचत खाती, सूक्ष्म वित्त संस्था हे सगळं वेगळ्या ओळींत जातं, आणि घाईत काम करणारे त्या ओळी उघडतच नाहीत. ज्या देशात साध्या माणसाची बँक म्हणजे पोस्ट किंवा पतसंस्था, तो देश या आकड्यात उगाच मागे पडलेला दिसतो.

शिवाय 'शाखा' कशाला म्हणायचं हेही बदलत असतं. भारताचंच बघा. रिझर्व्ह बँकेने मे २०१७ मध्ये शाखेच्या जागी 'बँकिंग आउटलेट' ही व्याख्या आणली. जागा ठरलेली हवी. तिथे बँकेचा कर्मचारी किंवा बँकेने नेमलेला बिझनेस करस्पॉन्डंट, म्हणजे बँकेच्या वतीने व्यवहार करणारा एजंट, बसायला हवा. ठेव घेणं, पैसे देणं किंवा कर्ज देणं ही कामं व्हायला हवीत. आणि तो दिवसाला किमान ४ तास, आठवड्यात किमान ५ दिवस हजर हवा. मला ही व्याख्या आवडते, कारण तिने निदान तासांचा विषय काढला. पण २०१६ पर्यंत शाखा आणि पुढे आउटलेट अशी एकच रेघ ओढलीत, तर आलेखात मोठी उडी दिसेल. ती उडी शब्दाने मारलेली असेल, बँकेने नव्हे. तुमच्या प्रत्येक देशासाठी अशा व्याख्याबदलाची तारीख शोधून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण परीक्षक नेमका तिथेच बोट ठेवतात.

छेदाकडे तर कुणी बघतच नाही. दोन जनगणनांच्या मधल्या वर्षांत प्रौढ लोकसंख्या म्हणजे अंदाज असतो. नवी गणना आली की अंदाज दुरुस्त होतो आणि एकही शाखा जागची न हलता दर बदलतो. त्याहून बोचणारी गोष्ट स्थलांतराची. एखाद्या भागातून तरुण माणसं उठून गेली, छेद घटला, की तिथली 'पोहोच' सुधारलेली दिसते. गाव ओस पडत असतं आणि तक्त्यात त्याला चांगले गुण मिळत असतात. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सूत्रात चूक झाली असं समजून दोन दिवस फाइल तपासत बसलो होतो.

काही जण लोकसंख्येऐवजी क्षेत्रफळाने भागतात, दर हजार चौरस किलोमीटरमागे शाखा. त्याचीही गंमत आहे. मंगोलियाचं क्षेत्रफळ १५ लाख ६० हजार चौरस किलोमीटरच्या पुढे आणि लोकवस्ती अगदी विरळ. दर लाख प्रौढांमागे शाखा मोजल्या तर हा देश बराच वर दिसतो. क्षेत्रफळाने भागलं की तळाला जातो. दोन्ही आकडे खरे आहेत. आणि लोकांना विचारलं तर, २०१४ पासूनच्या प्रत्येक फिंडेक्समध्ये, दहातल्या नऊहून जास्त प्रौढांचं खातं आहे. तेव्हा कुठला भाजक घ्यायचा हा प्रश्न तुमच्या संशोधन-प्रश्नातून सुटायला हवा. निकाल बघून भाजक निवडू नका.

आता मुख्य दुखणं. सरासरी वाटणी लपवते हे सगळ्यांना माहीत असतं, पण इथे किती लपवते ते एका हिशोबाने दाखवतो. समजा 'अ' आणि 'ब' असे दोन प्रदेश आहेत. दोन्हीकडे एक लाख प्रौढ, दोन्हीकडे दहा शाखा. दोन्हीकडे ३० हजार माणसं मुख्य गावात आणि ७० हजार आसपास विखुरलेली. 'अ'मध्ये दहाच्या दहा शाखा मुख्य गावाच्या एका रस्त्यावर आहेत. गावातल्या माणसाला एक किलोमीटर चालावं लागतं, बाहेरच्याला सरासरी १८. सगळ्यांची मिळून सरासरी १२.९ किलोमीटर. 'ब'मध्ये सहा शाखा गावात आणि चार बाहेरच्या वस्त्यांत. गावातल्याला तेच एक किलोमीटर, बाहेरच्याला सरासरी सहा. एकूण सरासरी साडेचार. तुमच्या तक्त्यात दोन्ही प्रदेशांसमोर '१०' लिहिलेलं असेल.

हिशोब आणखी एक पाऊल पुढे नेऊ. 'अ'मध्ये दोन बँकांचं विलीनीकरण झालं आणि रस्त्याच्या समोरासमोरच्या दोन शाखांपैकी एक बंद झाली. दहाच्या नऊ झाल्या, कुणाचंच अंतर वाढलं नाही. 'ब'मध्ये बाहेरच्या चारांपैकी एक बंद झाली. तिथेही दहाच्या नऊ, पण हजारो लोकांची पायपीट तिप्पट झाली. आकड्याला दोन्ही घटना सारख्याच. म्हणूनच 'अमुक वर्षात शाखा इतक्या टक्क्यांनी घटल्या' असा मथळा वाचला की मी आधी विचारतो, कुठल्या?

अंतर काढायला लागलात की तिथेही खड्डे आहेत. माझ्या पहिल्या अहवालात मी प्रत्येक शाखेभोवती पाच किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढलं, आतल्या सगळ्या वस्त्या हिरव्या रंगवल्या आणि खुशीत अहवाल सादर केला. महिन्याभराने त्यातल्या एका हिरव्या वस्तीत गेलो. नकाशावर शाखा चार किलोमीटरवर होती. मध्ये नदी होती. पूल वरच्या अंगाला, त्यामुळे रस्त्याने १९ किलोमीटर, आणि वाहन दिवसातून दोनदा. ज्या बाईंशी बोललो त्या म्हणाल्या, "बँक दिसते की इथून, तो पांढरा मनोरा आहे ना, त्याच्या शेजारीच." बँक दिसत होती, पोहोचता येत नव्हतं. तेव्हापासून मी सरळ रेषेतलं अंतर फक्त पहिल्या चाळणीला वापरतो. पुढे रस्त्याचं अंतर, आणि जमलं तर वेळ.

अजून एक बारीक सापळा. शाखांच्या यादीतले पत्ते जेव्हा संगणकाकडून नकाशावर टाकून घेतात, तेव्हा अर्धवट पत्ता असलेली शाखा गुपचूप गावाच्या मध्यबिंदूवर जाऊन बसते. पाच-सहा शाखांचे अक्षांश-रेखांश दशांशापर्यंत जुळताना दिसले की समजायचं, संगणकाने अंदाजपंचे टाकल्यात. ही चूक नेमकी ग्रामीण पत्त्यांत जास्त होते, म्हणजे जिथे तुम्हाला अचूकपणा हवा तिथेच.

समजा अंतर नीट काढलं. दारापर्यंत माणूस पोहोचला. पुढे काय मिळतं? हा भाग तक्त्यात कधीच येत नाही, म्हणून थोडा सविस्तर सांगतो.

सर्वेक्षणाचा एक भाग म्हणून मी एका लहान शाखेत बाकावर बसून अख्खा दिवस वही भरली: कोण आलं, कशासाठी आलं, काम झालं का. कर्मचारी तीन, काउंटर दोन, त्यातलं एक कॅशचं. शटर वेळेवर उघडलं, पण पहिला पाऊण तास 'लिंक नाही' म्हणून गेला. ही पाटी कुणीतरी पुठ्ठ्यावर स्केचपेनने रंगवून ठेवली होती आणि पुठ्ठ्याचे कोपरे झिजले होते. यावरून ती किती वेळा लागत असेल ते समजा. आलेल्यांपैकी बरेच जण पैसे काढायला, तितकेच पासबुकात नोंद करून घ्यायला. पासबुक छापायचं यंत्र बंद होतं, तेव्हा क्लार्क आकडा तोंडी सांगत होता आणि लोक तो कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून घेत होते. एक म्हातारे गृहस्थ आले. बोटांचे ठसे झिजलेले, जवळच्या एजंटाच्या मशीनवर अंगठा उमटेना, म्हणून त्यांना शाखेत यावं लागलं होतं. एक बाई मेलेल्या नवऱ्याच्या खात्यावरच्या पैशांसाठी तिसऱ्यांदा आल्या होत्या. या वेळी दाखल्यावरचं नाव आणि खात्यावरचं नाव यात एका अक्षराचा फरक निघाला. एक तरुण कर्जाची चौकशी करायला आला. त्याला सांगितलं, साहेब गुरुवारी असतात.

ते साहेब म्हणजे कर्ज अधिकारी. एकच माणूस तीन शाखांत वार लावून बसायचा. कागदावर तिन्ही शाखा 'पूर्ण सेवा' देणाऱ्या. कर्जाच्या दृष्टीने बघितलं तर तिन्ही मिळून एक शाखा होती आणि तीही फिरती. दर लाखामागे शाखा मोजणाऱ्याने तीन मोजल्या; त्या तरुणाने एक तृतीयांश मोजली असती.

त्या वहीतून मला जे कळलं ते असं: शाखा ही एक वस्तू नाही, ते कामांचं गाठोडं आहे. रोख देणं-घेणं, खातं उघडणं, कागदपत्रांची दुरुस्ती, वारसाचे दावे, तक्रार, कर्ज. यातली काही कामं शाखेबाहेर सहज गेलीत, काही अर्धवट, आणि काही अजिबात नाही. म्हणून 'शाखा लागतात का' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कुठल्या कामासाठी, हे विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

कर्जाबद्दल अजून एक. शाखा म्हणजे दोन्हीकडे वाहणारी नळी आहे. ती पैसा भागात आणते तशी भागातून बाहेरही नेते. ठेवी भरपूर घेतल्या आणि कर्ज जेमतेम दिलं, की शाखासंख्या वाढूनही भागातला पैसा भागात राहत नाही. बँकवाले यासाठी सी-डी रेशो बघतात, म्हणजे ठेवींच्या प्रमाणात कर्ज. त्यातही एक खाच आहे. शहरातल्या शाखेने मंजूर केलेलं कर्ज प्रत्यक्षात दुसरीकडच्या कारखान्यात वापरलं जातं. भारतात रिझर्व्ह बँक बँकांकडून जी मूलभूत सांख्यिकी विवरणं घेते, ज्यांना बँकेत सगळे बीएसआर म्हणतात, त्यात मंजुरीचं ठिकाण आणि वापराचं ठिकाण असे दोन हिशोब ठेवलेले असतात. असा तपशील तुमच्या देशांत मिळाला तर सोडू नका.

आता कार्यकारणाचा प्रश्न, कारण तुम्ही पुढे शाखासंख्या आणि उत्पन्न यांचा संबंध लावणार असं दिसतंय. शाखा जास्त तिथे उत्पन्न जास्त, हे तुम्हाला हमखास सापडेल. त्यातून काही सिद्ध होत नाही. मी स्वतः प्रस्ताव लिहायचो तेव्हा पहिल्या पानावर काय असायचं? बाजारपेठ, नोकरदारांची संख्या, संभाव्य ठेवी, आणि शेजारी कुठल्या बँका आधीच आहेत. पैसा दिसेल तिथे आम्ही जायचो. म्हणजे तुमच्या समीकरणात बाण उलटा असण्याची शक्यता सुरुवातीपासूनच आहे.

हा बाण सुलटा करून बघायची संधी क्वचित मिळते. भारतात ती मिळाली. जुलै १९६९ मध्ये १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा देशात ८,२६२ शाखा होत्या आणि त्यातल्या ग्रामीण फक्त १,८३३. एका शाखेमागे सुमारे ६४ हजार माणसं. १९७७ मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला की आधीच बँक असलेल्या ठिकाणी एक शाखा उघडायची असेल तर बँक नसलेल्या चार ठिकाणी उघडावी लागेल. १९९० मध्ये तो नियम गेला. मधल्या काळात बँका जिथे स्वतःहून गेल्या नसत्या तिथे गेल्या. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नियमाच्या या सुरुवातीचा आणि शेवटाचा आधार घेऊन दाखवलं की ग्रामीण शाखाविस्ताराने ग्रामीण गरिबी कमी झाली. त्यावर टीकाही झाली. त्याच वर्षांत सरकारच्या इतर ग्रामीण योजना जोरात होत्या, मग श्रेय कुणाचं? शिवाय त्या शाखांची कर्जवसुली कमजोर होती, त्यामुळे खर्चाचा हिशोब वेगळा मांडावा लागतो. मला तो अभ्यास मोलाचा वाटतो तो निष्कर्षापेक्षा पद्धतीसाठी. शाखा कुठे उघडली याचं कारण बाजाराबाहेरून आलेलं असेल, तरच शाखेचा परिणाम वेगळा काढता येतो. तुमच्या देशांत असा कुठला नियम होता का, ते शोधा. नसेल तर 'संबंध आढळला' एवढंच लिहा आणि पुढे जा.

आता मार्गदर्शकांचा शेरा. केनिया त्यांच्या बाजूने उभा राहतो. तिथे दर लाख प्रौढांमागे व्यापारी बँकांच्या शाखांचा आकडा एकेरीच राहिलाय. मार्च २००७ मध्ये सफारीकॉम या मोबाइल कंपनीने एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे ठेवायची-पाठवायची सेवा, सुरू केलं आणि फिंडेक्सनुसार खातं असलेल्यांचं प्रमाण २०११ मधल्या ४२ टक्क्यांवरून २०१७ मध्ये ८२ टक्क्यांवर गेलं. शाखासंख्येने केनियाची पोहोच मोजणारा माणूस या सगळ्या काळात झोपलेलाच असता. पण एक गोष्ट नजरेआड करू नका. एम-पेसा नुसतं फोनवर चाललं नाही, ते हजारो एजंटांच्या टपऱ्या-दुकानांवर चाललं, कारण रोख पैसा आत टाकायला आणि बाहेर काढायला कुठेतरी माणूस लागतोच. म्हणजे 'ठिकाण' संपलं नाही, फक्त त्यावरची बँकेची पाटी उतरली. तेव्हा केनियासाठी शाखा सोडून एजंट मोजा. मार्गदर्शक म्हणतात तसं मोजणंच सोडून देऊ नका.

स्पेन उलट बाजूला उभा आहे. २००८ मध्ये तिथे ४५ हजारांहून जास्त शाखा होत्या, युरोपातल्या सर्वांत दाट जाळ्यांपैकी एक. २०२१ अखेर त्या २० हजारांच्या आत आल्या. खातं असलेल्यांचं प्रमाण या काळात ९० टक्क्यांच्या वरच राहिलं. म्हणजे ८.१०.२ म्हणतो सगळं ठीक. आणि २०२२ च्या सुरुवातीला वालेन्सियातल्या एका निवृत्त डॉक्टरांनी 'मी म्हातारा आहे, मूर्ख नाही' अशी मोहीम काढली. काउंटरवर माणूस हवा या मागणीवर सहा लाखांहून जास्त सह्या झाल्या आणि बँकांना काउंटरचे तास वाढवायचं कबूल करावं लागलं. खातं असणं आणि त्या खात्यापर्यंत हात पोहोचणं यातला फरक याहून स्वच्छ मला दुसरीकडे दिसलेला नाही. भारतातही खातेधारक प्रौढ २०११ मधल्या ३५ टक्क्यांवरून २०१७ मध्ये ८० टक्क्यांवर गेले, पण त्या वर्षी ४८ टक्के खाती वर्षभर वापरलेलीच नव्हती. म्हणून शाखांचा रकाना काढून तिथे खात्यांचा रकाना टाकला की सुटलो, असंही नाही.

आणि कर्जाचं काय? अमेरिकेत २०१९ मध्ये एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या बँकांच्या विलीनीकरणामुळे ज्या शाखा बंद झाल्या, त्यांच्या आसपास छोट्या व्यावसायिकांच्या कर्जाचं काय झालं ते त्यात पाहिलंय. कर्ज घटलं आणि सहा वर्षांपर्यंत घटलेलंच राहिलं. परिणाम सहा मैलांच्या आत विरून गेला. इंटरनेट बँकिंग भरपूर असलेल्या देशात हे घडलं. कारण सोपं आहे. लहान धंदेवाल्याची पत कागदावर कमी आणि मॅनेजरच्या डोक्यात जास्त असते. शाखा बंद होते तेव्हा ती ओळख जाते. शेजारची बँक त्याला शून्यापासून ओळखायला लागते.

इथे मला माझंच वरचं वाक्य दुरुस्त करायला हवं. समोरासमोरच्या शाखांपैकी एक बंद झाली तर कुणाचं अंतर वाढलं नाही, असं मी म्हटलं. अंतराच्या हिशोबात ते बरोबर आहे. बंद झालेल्या शाखेतून गेली दहा वर्षं कर्ज घेणाऱ्याला मात्र ते पटणार नाही. तेव्हा 'आता सगळं मोबाइलवर आहे' हा शेरा पैसे पाठवणं आणि शिल्लक बघणं यांना लागू आहे. रोख रकमेला निम्माशिम्मा. आणि धंद्याच्या कर्जाला, वारसाच्या दाव्याला, झिजलेल्या अंगठ्याला जवळजवळ नाही.

मग प्रबंधात काय करायचं? मी असतो तर रकान्याला 'व्यापारी बँकांची भौतिक उपस्थिती' असं नाव दिलं असतं आणि 'पोहोच' हा शब्द तीन-चार रकाने मिळून कमावला असता. शाखा आणि एजंट वेगवेगळे ठेवा, एकत्र बेरीज करू नका. एका एजंटाचं वजन शाखेच्या किती टक्के, यावर कितीही वाद घालता येतो आणि तो तुम्ही जिंकणार नाही. खाती आणि वापर फिंडेक्समधून घ्या. ज्या प्रदेशांचे नकाशे मिळतात तिथे सरासरी शाखा सोडून 'सर्वांत जवळच्या ठिकाणापासून पाच किलोमीटरपलीकडे किती टक्के लोक राहतात' हा आकडा काढा. पाचच का, असं विचारतील. भारताच्या २०१९ ते २०२४ च्या वित्तीय समावेशन धोरणात प्रत्येक गावापासून पाच किलोमीटरच्या आत बँकिंग आउटलेट असं लक्ष्य होतं, तो आधार देता येईल; पण तीन आणि दहा किलोमीटरनेही करून बघा आणि प्रदेशांचा क्रम बदलतो का ते सांगा. डोंगराळ भाग असेल तर किलोमीटर सोडून तास वापरा.

सगळं मिसळून एकच निर्देशांक करायचा मोह होईल. केलात तर वजनं आधी जाहीर करा. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये जो वित्तीय समावेशन निर्देशांक आणला त्यात पोहोचीला ३५, वापराला ४५ आणि दर्जाला २० टक्के वजन दिलंय. म्हणजे ठिकाणं, सोयी वगैरे सगळं मिळून एक तृतीयांशाच्या थोडं वर. तुम्हाला तीच वजनं घ्यायची सक्ती नाही, पण निदान उदाहरण म्हणून हाताशी ठेवा.

परिस्थितीवर अवलंबून असलेलं बरंच काही मी इथे सोडलंय. तुमचे देश कोणते ते तुम्ही लिहिलेलं नाही. रोखीवर चालणारे असतील तर शाखा आणि एजंट यांचं महत्त्व वाढतं. पगार आणि पेन्शन थेट खात्यात जाऊन कार्डाने खर्च होत असतील तर कमी होतं. प्रबंधाचा भर कर्जावर असेल, तर मी शाखांचा रकाना कुठल्याही परिस्थितीत काढणार नाही. भर पैसे पाठवण्यावर असेल, तर खुशाल परिशिष्टात टाका.

आणि आकडेमोडीला बसण्याआधी एक तपासणी आजच करा. तुमच्या फाइलमध्ये शाखा उघडल्याची तारीख आहे, हे तुम्ही लिहिलंय. बंद झाल्याची तारीख आहे का? बऱ्याच याद्यांमध्ये फक्त पहिली असते, आणि बंद झालेली शाखा एक तर वर्षानुवर्षं यादीत जिवंत राहते, नाहीतर जुन्या वर्षांतूनही पुसली जाते. यादीतल्या वीस ग्रामीण शाखा चिठ्ठ्या टाकून निवडा आणि कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांच्या क्रमांकांवर फोन लावा. किती ठिकाणी कुणी उचलतं ते बघून मला कळवा, मग समीकरणाचं बोलू.